त्याची सही चालली नाही

प्रसूतिगृहात बारा वर्षं काढलेल्या बाईला कशाचीच किळस येत नसेल, असं लोकांना वाटतं. तसं ते खरंही आहे. रक्त, वार, उलट्या, सगळं या हातांनी उचललं आणि हात धुऊन तिथल्याच टेबलावर डबा खाल्ला. पण बावधनच्या दवाखान्यातल्या एका दुपारची मला आजही किळस येते. त्या दुपारी कुणी कुणाला शिवी दिली नव्हती, कुणी कुणावर हात उगारला नव्हता, आणि फरशी तर नुकतीच फिनेलने पुसलेली होती.

मी पौडच्या पलीकडच्या एका गावातली, बौद्ध घरातली. नर्सिंगचा कोर्स करून अठ्ठ्याण्णव साली कामाला लागले. आधी पौडला एका लहान दवाखान्यात, मग बावधनला. बावधन तेव्हा फुगायला लागलं होतं. भाताची खाचरं विकून लोक चार-चार मजले चढवत होते आणि त्या मजल्यांवर विदर्भ-मराठवाड्याकडून आलेली, कंप्युटरवर काम करणारी जोडपी भाड्याने राहत होती. त्यांची पहिली बाळंतपणं आमच्याकडे व्हायची. दवाखाना मॅडमचा. मॅडमच्या हाताला फार चांगला गुण होता, हे मी आजही म्हणेन. बोलणं तर साखरेसारखं. मुलाखतीत त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं आणि दुसऱ्यांदा सांगितल्यावर नुसतं 'अच्छा' म्हणाल्या होत्या. नोकरी मात्र दिली.

त्या सुमारास मॅडमनी एक नवीन टूम काढली होती. नवऱ्याने बाळंतपणाच्या वेळी बायकोजवळ थांबायचं. त्यासाठी दर रविवारी सकाळी वर्ग असायचा, त्यात नवऱ्यांना कळांच्या वेळी पाठ कशी चोळायची, श्वास कसा मोजायचा ते मी शिकवायचे. आमच्या गावाकडे नवरा बाळंतिणीच्या खोलीत शिरला असता तर म्हाताऱ्यांनी त्याला झाडूने हाणलं असतं. इथे हिंजवडीची पोरं हिरवा गाऊन आणि टोपी घालून आत यायची. कुणी बायकोचा हात धरायचा, कुणी कॅमेरा. एकजण तर पहिलं रक्त दिसताच आडवा झाला आणि आम्ही बाळंतीण सोडून त्याच्या तोंडावर पाणी मारत बसलो. त्याची गोष्ट मॅडम पुढे कितीतरी दिवस कौतुकाने सांगत होत्या. कुणाला बाहेर काढलेलं मी पाहिलं नव्हतं.

साल दोन हजार सहा किंवा सात असेल. एक आफ्रिकन जोडपं आमच्याकडे नाव घालायला आलं. तो पुण्यात शिकत होता, शेवटचं वर्ष चालू होतं, आणि दोघं बावधन गावठाणाजवळ एका शेतकऱ्याच्या इमारतीत राहत होती. दोघंही काळी. काळी म्हणजे आपण ज्याला सावळं म्हणून सावरून घेतो तसली नव्हेत. रिसेप्शनच्या मुलीने रजिस्टरमध्ये देशाच्या जागी 'आफ्रिका' लिहिलं आणि पान उलटलं. नेमका कुठला देश, हे पुढच्या सहा महिन्यांत आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बाईचं रक्त आम्ही सगळ्यांचं तपासतो तसं तपासलं. एचआयव्हीचा रिपोर्ट चांगला आला. तरी मॅडमनी नवऱ्याचंही रक्त घ्यायला सांगितलं. तोही चांगला आला, तेव्हा महिन्याने पुन्हा घ्यायला सांगितलं. त्या वर्षी नाव घातलेल्या बाकी कुठल्याही नवऱ्याच्या दंडाला आम्ही सुई लावली नव्हती. त्याने दोन्ही वेळा स्वतःच बाही वर केली. आमच्याकडे एक आयाबाई होत्या, मनाने वाईट नव्हत्या, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. तो गेल्यावर त्यांनी तो बसलेली खुर्ची डेटॉलने पुसली आणि मला म्हणाल्या, हबशाचा काय भरवसा. मी हसले. ते हसू मला चांगलं आठवतं, कारण असल्या पुसलेल्या जागांची मला लहानपणापासून ओळख होती. आमच्या आईला ज्या घरी पाणी वरून ओतायचे, त्या घरचा ओटाही असाच पुसला जायचा. एवढं माहीत असून मी हसले.

रविवारच्या वर्गाला तो एकदाही चुकला नाही. वही घेऊन यायचा. पाठ कशी चोळायची ते दाखवलं की घरी आठवडाभर सराव करून पुढच्या रविवारी मला करून दाखवायचा, बरोबर आहे का म्हणून. माकडहाडाच्या वर, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने, गोल गोल. इतका चांगला हात मी दुसऱ्या कुठल्या नवऱ्याचा पाहिला नाही. वर्गातली एक बाई मात्र आपली चटई उचलून भिंतीकडे सरकली, मग तिच्या शेजारची सरकली, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत त्या दोघांच्या भोवती अख्खी खोली मोकळी झाली होती. त्याची बायको हे बघायची. तो वहीत लिहायचा.

मग तो दिवस आला. सकाळी दहाच्या सुमारास तो बायकोला रिक्षातून घेऊन आला. कळा चांगल्या सुरू होत्या. तिच्याबरोबर आई नाही, सासू नाही, कुणी बाई माणूस नाही. तोच होता. गाऊन खुंटीला लावलेलाच होता, मी तो काढायला हात पुढे केला, तेवढ्यात मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आज आणखी दोन पेशंट आत आहेत, म्हणाल्या, त्या बायकांना हा माणूस समोर बघून कसंतरी होईल, त्याला बाहेरच बसव. आतल्या दोघींपैकी एकीचा नवरा त्याच वेळी गाऊन घालून आत उभा होता.

मी बाहेर येऊन त्याला सांगितलं की आज आत जागा नाही. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्याने विचारलं की बायकोला कोण बघणार. मी म्हणाले, मी आहे ना. तो बाकावर बसला. थोड्या वेळाने वॉचमनने त्याला तिथूनही उठवलं, बाक लेडीज लोकांसाठी आहे म्हणून, आणि तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

आत ती एकटी. मधूनमधून मी तिची पाठ चोळायचे, पण मला तीन पेशंट होते. तिने नवऱ्याला चार-पाच वेळा तरी बोलावलं असेल. आयाबाई तिला मराठीत दटावत होत्या, आणि तिला कळत नव्हतं म्हणून आणखी मोठ्याने दटावत होत्या. एका कळेत तिने माझं मनगट धरून ठेवलं, तर मी ते सोडवून घेतलं, कारण पलीकडून दुसरी हाक आली होती.

तीनच्या सुमारास पाणी फुटलं ते हिरवं आलं. म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती. मी ठोके ऐकले. एकशे चाळीस असायला हवेत, ते शंभरावर आले होते, पुन्हा वर चढायचे, पुन्हा घसरायचे. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी तपासलं आणि लगेच ठरवलं, सिझर करायचं. कोथरूडच्या भूलतज्ज्ञांना फोन गेला. मी ऑपरेशनची तयारी केली. तोवर साडेतीन झाले होते.

सिझर म्हटलं की संमतीचा कागद आला. त्यावर 'पती किंवा जबाबदार नातेवाईक' अशी जागा असते. त्या जागेवर मी कसकसल्या सह्या घेतल्या आहेत ते सांगते. पौडला असताना ताम्हिणीच्या बाजूचा एक नवरा दारू पिऊन इतका झिंगलेला होता की मी त्याचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. तो चालला. अठरा वर्षांच्या दिराची सही चालली. एकदा तर जीपच्या ड्रायव्हरची चालली, कारण घरचं कुणी पोहोचलंच नव्हतं. नवरा समोर उभा आहे, शुद्धीत आहे, खिशाला पेन आहे, आणि त्याची सही नको, असं मी नोकरीत त्या दिवसाआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी कागद घेऊन फाटकाकडे निघाले तर मॅडमनी थांबवलं.

"अगं, उद्या काही कमीजास्त झालं तर हा विमानात बसून निघून जाईल. मग आपण कुणाला धरायचं? त्याच्या घरमालकाला बोलाव."

घरमालकाचं नाव आणि नंबर केसपेपरवर होता. नाव घालतानाच मॅडमनी तो लिहून घेतला होता, 'स्थानिक जबाबदार व्यक्ती' म्हणून. ही जागा आमच्या केसपेपरवर छापलेली नव्हती, फक्त या दोघांसाठी पेनने आखलेली होती.

घरमालकाचा फोन लागेना. मी त्याच्या घरी फोन केला तर बायको म्हणाली, पौडला तहसीलमध्ये गेलेत, सातबाऱ्याच्या नोंदीसाठी. इकडे नवऱ्याला काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. तो फाटकापासून रिसेप्शनपर्यंत आला आणि सही करतो, कुठे करू, असं विचारायला लागला. रिसेप्शनच्या मुलीने त्याला लग्नाचा दाखला मागितला. तो धावत घरी गेला आणि वीस मिनिटांत दाखला घेऊन परत आला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दाखल्यावर चर्चचा शिक्का होता, पण मजकूर इंग्रजीत नव्हता, त्यांच्या तिकडच्या भाषेत होता. मुलीने तो उलटापालटा केला आणि म्हणाली, हे कोण वाचणार? मग त्याने पासपोर्ट काढला, कॉलेजचं ओळखपत्र काढलं, बायकोबरोबरचे फोटो काढले. लग्नातला फोटो होता, दोघं पांढऱ्या कपड्यांत. मुलीने तोही परत दिला.

आत बायकोने माझ्याकडे पेन मागितलं. मी सही करते, म्हणाली, पोट माझं आहे. मॅडम म्हणाल्या की कळा चालू असताना पेशंटच्या सहीला अर्थ नसतो. पुढे कितीतरी वर्षांनी एका शिबिरात मला कळलं की शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याचीही लागत नाही. मॅडमना ते माहीत नसेल असं मी मानत नाही.

भूलतज्ज्ञ पावणेचारला आले होते. त्यांना चहा दिला. बिस्किटं दिली. ते मॅडमच्या केबिनमध्ये बसून जमिनीच्या भावांबद्दल बोलत होते, मला दारातून ऐकू येत होतं. मी दर दहा मिनिटांनी ठोके घेऊन आत जाऊन सांगायचे. पंचाण्णव. एकशे दहा. नव्वद. मॅडम म्हणायच्या, डावीकडे वळव, ऑक्सिजन लाव, आला का तो माणूस बघ. त्यांचाही चेहरा उतरला होता, पण कागदावाचून त्या हलल्या नाहीत. आणि मी? मला ओरडता आलं असतं. तो फाटकातला माणूस हिचा नवरा आहे, सहा महिने बघतोय आपण त्याला, हे एक वाक्य मला मराठीत म्हणता आलं असतं, त्याला भाषेची अडचण होती, मला नव्हती. मी डावीकडे वळवलं आणि ऑक्सिजन लावला.

घरमालक पाच वाजून गेल्यावर मोटरसायकलवर आला, डोक्याला टोपी, कपडे धुळीने भरलेले. काखेत तहसीलच्या कागदांची पिशवी होती. मी त्याला भराभर सांगितलं आणि कागद पुढे केला. त्याने फाटकातल्या त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई तेची, पोर तेचं, आन सही मी करू व्हय?" तो म्हणाला. "त्यो काय मेलाय का? हितं उबा हाय की."

मी म्हणाले, दादा, वेळ नाही, करा. त्याने केली. पण आधी त्या नवऱ्याकडे बघून हात जोडले, जणू चूक आपलीच होती. 'पती किंवा जबाबदार नातेवाईक' या जागेवर त्या शेतकऱ्याचं नाव चढलं.

साडेपाचच्या आत बाळ बाहेर आलं. मुलगी होती. निळसर, ढिली, हातात कापडासारखी लोंबती. रडली नाही. आम्ही नळी घातली, छाती दाबली, पाठ चोळली. किती मिनिटांनी तिने एक बारीक श्वास घेतला ते मला सांगता येणार नाही, कारण मी घड्याळाकडे बघायचं टाळत होते. मॅडमनी बोलावलेल्या बालरोगतज्ज्ञांनी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. रुग्णवाहिका बोलावली.

आता खरी शिसारी सांगते. बाळाची अवस्था बघितल्यावर मॅडमनी केस फाइल मागवली. तो संमतीचा कागद बघून त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या की घरमालकाची सही फाइलमध्ये बरी दिसणार नाही, कुणी बघितलं तर नवरा कुठे होता असं विचारेल. तो कागद त्यांनी फाडला. मला नवा दिला. दुपारभर ज्याची सही चालत नव्हती, त्याचीच सही आता आणायची होती.

बाळ हलवायच्या कागदांवर बापाची सही लागणारच होती. मी नवा संमतीचा कागद त्या कागदांच्या मधे घातला. तो रुग्णवाहिकेच्या दाराशी उभा होता, आतल्या काचेच्या पेटीत त्याची मुलगी होती, आणि त्याने तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं होतं. मी पानं वर करत गेले, बोटाने जागा दाखवत गेले. त्याने न वाचता चारही ठिकाणी सह्या केल्या. त्याची नजर पेटीवरून हलली नव्हती. मग तो आत चढला.

रात्रपाळीची नर्स यायच्या आधी मॅडमनी मला नोंदी पुऱ्या करायला बसवलं आणि त्या सांगत गेल्या तसं मी लिहिलं. साडेतीन वाजता पतीला शस्त्रक्रियेची कल्पना दिली. पती निर्णय घ्यायला तयार नव्हता. त्याने वेळ मागितला. वारंवार समजावूनही संमती दिली नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी संमती दिली. इंग्रजीतच लिहिलं, आमच्या नोंदी इंग्रजीतच असायच्या. लिहिताना मला वाटलं होतं की माझा हात थांबेल. नाही थांबला. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. खाली मी सही केली, ती लगेच चालली. मॅडमनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, दमली असशील, घरी जा. त्या हाताची मला किळस आली आणि माझ्या पाठीचीही.

मुलगी तिसऱ्या दिवशी गेली.

बायको अजून आमच्याकडेच होती, टाके काढायचे होते. तिला दूध यायला लागलं होतं. आयाबाईंनी तिच्या छातीला घट्ट पट्टी बांधली, आणि पट्टी बांधताना त्या पहिल्यांदाच तिच्याशी हळू बोलल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. घरमालकाची बायको दोन वेळा भात आणि वरण घेऊन आली, डबा उशाशी ठेवून बराच वेळ जमिनीवर बसून राहिली. मॅडम राउंडला यायच्या, टाके बघायच्या, 'टेक केअर' म्हणायच्या आणि निघायच्या. मी औषधं द्यायचे. तिने माझ्याकडे कधी पाहिलं नाही, आणि मला ते बरं वाटायचं, हेही लिहून टाकते.

पाचव्या दिवशी दुपारी तो तिला न्यायला आला. मोठ्या दवाखान्याने मुलीच्या मृत्यूच्या कागदांसाठी जन्माची नोंद मागितली होती, म्हणून त्याने फाइलची प्रत मागितली. रिसेप्शनच्या मुलीने सगळी फाइल झेरॉक्स करून त्याच्या हातात दिली. तिला वाटलं असेल, याला काय कळणार. पण त्याचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, मॅडमपेक्षाही.

तो बाकावर बसून वाचायला लागला. वॉचमनने त्या दिवशी त्याला उठवलं नाही. मी कपाटात गॉज लावत होते, तिथून मला तो दिसत होता. तो रविवारी वही वाचायचा तसाच वाचत होता, एकेक ओळ, बोट ठेवून. एका पानावर ते बोट थांबलं. त्याने पान पुन्हा वरून वाचलं. मग मान वर करून मला हाक मारली.

मी गेले. त्याने पान माझ्याकडे वळवलं आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"सिस्टर, ये आपने लिखा?"

मी हो म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तो खरोखर विचारत होता, त्याला उत्तर हवं होतं, रविवारी पाठ चोळून दाखवून बरोबर आहे का म्हणून विचारायचा तसं.

"आप तो वहीं थीं," तो म्हणाला. "मैं कहाँ खड़ा था, आपने देखा था ना?"

मी म्हणाले, मॅडमना विचारा.